बंगळूरचे संभाजीराजे कोणते?

वाचकहो, बंगळूरला जाण्याचा योग आला, तर मल्लेश्वरम भागात एक सकाळ अवश्य काढावी. १८९८ साली शहरात प्लेगची साथ आली. त्यानंतर ही वसाहत वाढीस लागली. परंतु जिच्यामुळे तिला हे नाव मिळाले, ती काडु मल्लेश्वराची देवभूमी तिच्याहून पुष्कळ जुनी आहे. कानडीत ‘काडु’ म्हणजे रान. देवळासमोरच्या खडकावर १६६९ सालचा एक कानडी लेख कोरलेला आहे. मल्लपुराच्या मल्लिकार्जुन देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचे त्यात नमूद असून दात्याचे नाव आहे एकोजी.

मराठी प्रवाशाचे पाऊल येथे सहजच थबकते. १६३८ मध्ये शहाजीराजे आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाबरोबर या प्रांती आले आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. एकोजी ऊर्फ व्यंकोजी हे त्यांचे पुत्र. पण एकोजी नावाचे आणखी एक राजे १७३६ मध्ये तंजावरच्या गादीवर बसले होते. खडकावर साल आहे म्हणून घोटाळा टळला. जुन्या कागदांत ही सोय नेहमीच असते असे नाही.

याच बंगळुरात शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजीराजे वडिलांच्या हाताखाली कारभार पाहत होते. जिजाबाईंचे ते ज्येष्ठ पुत्र, शिवाजीमहाराजांचे सख्खे वडील बंधू. १६५४-५५ च्या सुमारास कनकगिरीच्या मोहिमेत ते कामी आले. पुढे १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर महाराजांना पुत्र झाला आणि त्याचे नाव संभाजी ठेवण्यात आले. गेलेल्या भावाचे नाव घरात पुन्हा हाकेला आले. पण पुतण्याची कीर्ती अशी की, आज ‘संभाजीराजे’ म्हटले की काकांची आठवण कोणालाच होत नाही! ज्याची स्मृती राहावी म्हणून नाव ठेवावे, तोच त्या नावाआड दिसेनासा व्हावा, ही गोष्ट मला फार चटका लावून गेली.

भोसले घराण्यात नावेच काय, भावांच्या जोड्याही पुन्हा येतात. मालोजीराजांनी आपल्या दोन पुत्रांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून शहाजी व शरीफजी अशी ठेवली. दोन पिढ्यांनंतर एकोजींच्या पुत्रांत पुन्हा शहाजी आणि सरफोजी! तिकडे राजाराममहाराजांच्या दोन राण्यांचे पुत्र पाहा: ताराबाईंचा शिवाजी आणि राजसबाईंचा संभाजी. जिजाबाईंच्या पुत्रांचीच नावे, फक्त क्रम उलटा. शाहूमहाराजांचेही मूळ नाव शिवाजीच. १७३१ मध्ये वारणेचा तह त्यांनी ज्या संभाजीशी केला, तो राजसबाईंचा. ‘शाहूचे वडील संभाजी’ आणि ‘शाहूचे प्रतिपक्षी संभाजी’ यांत चुलत्या-पुतण्याचे नाते आहे. भाषांतर करताना असल्या वाक्यापाशी लेखणी खाली ठेवून बोटे मोजावी लागतात.

आईचे नाव लिहिले तर गुंता सुटेल, असे वाटते. एकोजींच्या त्या पुत्रांची आई दीपाबाई. थोरल्या शहाजीराजांच्या आईचे नाव उमाबाई. पण तिचेही दीपाबाई असे नाव आढळते! शेवटी माहेर विचारावे लागते. एक फलटणच्या नाईक-निंबाळकरांची लेक, दुसरी इंगळ्यांची.

राजघराण्याची ही कथा आपल्या घरांना परकी नाही. विठ्ठलचा मुलगा गणेश आणि गणेशने आपल्या मुलाला आजोबांचे नाव दिले की, तो विठ्ठल गणेश होतो. आजोबांच्या वडिलांचे नावही गणेशच असेल, तर आजोबा आणि नातू यांचे संपूर्ण नाव, आडनावासह, एकच! वडिलांचे नाव मध्ये लावण्याची आपली पद्धत इतकी सोयीची, परंतु नेमकी येथे ती फसते. जमिनीचा कागद कोणा विठ्ठल गणेशाचा, हे मग ठरवायचे कसे? श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावे उच्चारली जातात. माता, पितामही, प्रपितामही यांचीही. त्यांत माहेर मात्र येत नाही. ते तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वहीतही क्वचितच सापडायचे. तेथे गाव, गोत्र, भाऊ, मुलगे यांच्या नोंदी पाहाव्या. यात्रेला आलेल्या पूर्वजाबरोबर कोणते भाऊ होते, एवढ्यावरूनही दोन विठ्ठल वेगळे होतात. माहेरासाठी घरातील वृद्ध आत्याबाईंनाच विचारावे, आणि लगेच लिहून ठेवावे.

मल्लेश्वरमहून परतताना मी माझ्या टिपणवहीत दोन्ही संभाजीराजांची नावे एकाखाली एक लिहिली. धाकट्यांपुढे येसूबाई. थोरल्यांपुढे जयंतीबाई.