शेवटचा बुडबुडा

वैशाखात भाताची खाचरं कोरडी ठणठणीत पडलेली असतात, आणि त्यांच्यावरून आवाज फार लांब जातो. नागोठण्याकडून आलेली गाडी निडीला क्षणभर टेकून रोह्याच्या दिशेनं सुटली की तिच्या चाकांची लय आमच्या अंगणापर्यंत येते, आंब्याखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्सच्या पत्र्याला जरा शिवते आणि डोंगराकडे विरत जाते. पूर्वी ही गाडी डिझेलवर चालायची. ती गेल्यावरही धुराचा एक कढत वास रुळांवर रेंगाळत राहायचा. आता ती विजेवर धावते. तो वास उरलाय फक्त आमच्या अंगणात.

ट्रॅक्स बाबांची. बजाज टेम्पोची. बाबांनी तिच्यातून वऱ्हाडं नेली, पोह्याची पोती नेली, आणि श्रावण लागला की हमरापूरहून पेंढ्यात गुंडाळलेले गणपती. देव मागे बसला असला की बाबा क्लच असा सोडायचे, जणू पायाखाली झोपलेलं मांजर आहे. त्या दिवसांत गाडीत ओल्या रंगाचा आणि पेंढ्याचा वास दाटून राहायचा, आणि त्याच्याखाली, मडक्याच्या तळाशी राहिलेल्या पाण्यासारखा, डिझेलचा.

बॉनेट उघडलं की आत जे बसलंय ते जर्मन आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९७३ पासून ज्या इंजिनावर तिकडच्या मर्सिडीज टॅक्सी पळाल्या, तेच हे चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं यंत्र. परवान्यावर पुण्यात बनलं आणि खडीच्या रस्त्यांवरून इथवर आलं. बाबांना ओएम-६१६ हे नाव ठाऊक नव्हतं. ते त्याला ‘मर्सडीचं इंजान’ म्हणत. पण त्याच्या छातीतली प्रत्येक धडधड त्यांना ओळखू यायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि डोळे मिटायचे. मी बाजूला वेस्टचा बोळा धरून उभा. किती वेळ गेला ते कळायचं नाही. मग डोळे उघडून ते नुसतं बोट ठेवायचे: दुसरा.

दुसऱ्या सिलिंडरचे टॅपेट.

गेल्या आठवड्यात माझ्याच हयगयीनं टाकी कोरडी पडली. शेजारून डिझेल आणून ओतलं, सेल्फ मारला; इंजिन घुरघुरलं, पण पेटलं नाही. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. तरी माझ्या खांद्यांवरूनच त्यांना कळलं असावं.

“एअर धरलान,” ते म्हणाले.

डिझेलच्या नळीत हवा शिरली की गाडीचं सगळं बळ वाया जातं. तेल दाबलं तर दबत नाही, पुढे सरकतं. हवा मात्र दबते, लाजाळूसारखी मिटते, पुन्हा पसरते, आणि नॉझल उघडायला लागतो तो दाब तयारच होत नाही. म्हणून फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे सैल करायचा आणि पंपाला जोडलेला हातपंप अंगठ्यानं खालीवर करत राहायचं. आधी काहीच येत नाही. मग फेस येतो, उसाच्या काहिलीवर येतो तसा, दाट, पिवळसर, फुसफुसणारा. तो ओघळून हातावरून मनगटापर्यंत येतो, थंड आणि तेलकट. मग फेस विरळ होतो, त्याचे सुटे बुडबुडे होतात, आणि त्यांच्यामधून मधाच्या रंगाची एक धार दिसू लागते. मला वाटलं झालं. मी पाना उचलला.

बाबा कधी उठून आले होते ते कळलं नाही. माझ्या खांद्यावरून वाकून ते धारेकडे पाहत होते. त्यांनी एक बोट वर केलं.

“थांब. आजून येक हाय.”

मी पंप मारत राहिलो. एक, दोन, तीन. आणि खरोखरच तो आला, मोहरीच्या दाण्याएवढा, धारेच्या पोटातून वर चढत काठाशी आला, तिथे एक क्षण थांबला. त्याच्यात अख्खं आकाश होतं, आंब्याची फांदी होती, आणि आम्हा दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. मग फुटला.

पुन्हा सेल्फ मारला तेव्हा गाडी दोन खोकल्यांत उठली. बाबांना तो आवाज आला नाही. त्यांनी मडगार्डवर तळवा पसरून ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळतेय. नळीतली जी हवा गाडीचा जीव घेते, तीच सिलिंडरमध्ये तिचा जीव होते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा एकवीस पटीनं आक्रसते, त्या कोंडमाऱ्यात लाल तापते, आणि तिच्यात उडालेला तेलाचा तुषार आपोआप पेट घेतो. लहानपणी सायकलला हवा भरताना पंपाचं बूड असाच चटका द्यायचं. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली आउग्सबुर्गला हे यंत्र चालवून दाखवलं, आणि १९१३ च्या सप्टेंबरातल्या एका रात्री, अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून तो काळोख्या पाण्यात नाहीसा झाला. माणूस बुडाला. त्याचं आडनाव मात्र आमच्या नाक्यावर, प्रत्येक कॅनवर, प्रत्येक मुलाच्या तोंडी आहे, आणि ते कुणाचं आडनाव होतं हे कुणाच्या गावीही नाही.

‘टेम्पो’चंही तसंच. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागातल्या विडाल घराण्याच्या कारखान्याचं ते नाव. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी त्यांची तीनचाकी गोरेगावात बांधायला घेतली. पुढे जर्मनीत ते नाव पुसलं गेलं. २००५ साली इथल्या कंपनीनंही ते सोडलं. पण मराठी माणूस अजून सामान हलवायला ‘एक टेम्पो बघ’ म्हणतो. त्याच घरातून आलेली मिनिडोअर, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बायांना आणि त्यांच्या मासळीच्या पाट्यांना घेऊन, रायगडच्या रस्त्यांवर इतकी वर्षं ठणठणत राहिली. शब्द असा घरचा होतो, हजार हातांत मळून. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

माझी स्वतःची गाडीही मूळची त्याच जर्मन मुलखाची, पण चाकणला बनलेली पोलो. पनवेलहून शनिवारी आलो की ती ट्रॅक्सशेजारी उभी राहते. तिच्या बॉनेटखाली सगळं झाकलेलं आहे, आणि कित्येक स्क्रूंची डोकी चांदणीच्या आकाराची. बाबांच्या पत्र्याच्या पेटीतला एकही पाना त्यांना लागत नाही. मी नवे विकत आणले. पहिल्यांदा ती चांदणी चांदणीत बसली तेव्हा बाबांनी ती चार वेळा काढून घालून पाहिली. मृगाआधी मी समोरच्या काचेखालच्या पन्हाळीतून आंब्याचा पालापाचोळा काढतो, म्हणजे पावसाचं पाणी खाली जायला मोकळी वाट राहते. कौलं शाकारावीत तसंच ते काम. वाळक्या पानांचा चुरा, मुंग्यांची माती, एकदा बुलबुलाचं पीस. मला ते काम कुणाकडे सोपवावंसं वाटत नाही.

आणि टॅपेट तर नाहीच. थंड इंजिनावर इनटेक व्हॉल्व्हला ०.१० मिलीमीटरची फट, एक्झॉस्टला ०.३०; जळालेला धूर ज्या व्हॉल्व्हवरून जातो तो जास्त तापतो, तापला की लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त. कागदाच्या जाडीएवढी ती फट. फिलर गेजची पाती तिच्यातून ओढताना बोटांना जी किंचित अडखळ जाणवावी लागते, ती शब्दांत सांगता येत नाही. बाबांनी माझी बोटं त्यांच्या बोटांत धरून ती दाखवली, मी बारा वर्षांचा असताना, ह्याच आंब्याखाली. ओल्या केळीच्या पानावरून नख फिरवल्यासारखी.

आता त्यांचे हात थरथरतात, पण पाती हातात दिली की थांबतात.

मृगाला तीन आठवडे आहेत. टॅपेटचे १४ चे पाने, अरुंद जागेत जावेत म्हणून बाबांनी कधीकाळी ग्राइंडरवर घासून पातळ केलेले, मी काल रॉकेलमध्ये धुऊन ओट्यावर वाळत ठेवलेत. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, आम्ही दोघं टॅपेट करणार आहोत.