कोड देताना सहीही द्यावी लागते तेव्हा

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. कामाचा कोड, घरखर्चाचा हिशेब, मराठी टिपणे असे माझे सगळे लिखाण ईमॅक्स या एडिटरमध्ये चालते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये लोकांपुढे आणलेले हे सॉफ्टवेअर आजही जगभरातले लोक आपापल्या वेळात सुधारत असतात. आपणही त्यात भर घालावी, असे मला फार दिवस वाटत होते.

संधी मिळाली ती देवनागरीमुळे. तक्त्याचे रकाने जुळवणारे, ईमॅक्सला जोडायचे एक छोटे पॅकेज मी वापरत असे. इंग्रजी मजकुराला ते चोख चाले. मराठी शब्द आले की मात्र रकाने वाकडेतिकडे होत, कारण ते अक्षरांची संख्या मोजून रुंदी ठरवत होते. ‘किंमत’ या शब्दात संगणकाच्या हिशेबी पाच चिन्हे आहेत, पडद्यावर दिसतात तीनच अक्षरे. मी रुंदी मोजण्याचा भाग नव्याने लिहिला. पन्नास-साठ ओळींचा बदल होता. चाचण्या जोडल्या आणि पॅच पाठवला.

पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. बदल त्यांना आवडला होता. शेवटी एक प्रश्न होता: फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे कॉपीराइट हस्तांतराचे कागद तुम्ही केले आहेत का?

मला नवल वाटले. पॅकेजचा कोड एका खासगी संकेतस्थळावर होता, मेंटेनर युरोपात राहणारे. फाउंडेशन या अमेरिकेतल्या संस्थेचा इथे काय संबंध? मग उलगडा झाला. २०१२ मध्ये आलेल्या ईमॅक्सच्या २४व्या आवृत्तीपासून पॅकेजे उतरवून घेण्याची सोय ईमॅक्समध्येच आली आणि त्यासाठीचे अधिकृत भांडार म्हणजे ग्नू एल्पा (ग्नू हा स्टॉलमन यांचाच मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प, ईमॅक्स त्याचाच भाग). त्यातल्या बऱ्याच पॅकेजांचे रोजचे काम बाहेर, लेखकाला सोयीच्या जागी चालते, आणि तिथून कोड भांडारात आपोआप येतो. पण ग्नू एल्पातले पॅकेज ईमॅक्सचाच भाग मानले जाते, म्हणून त्याचा कॉपीराइट फाउंडेशनच्या नावावर असावा लागतो. कोड कुठे ठेवला आहे यावरून तो कोणाचा आहे हे ठरत नाही. बाहेर नांदणाऱ्या पॅकेजात हात घालणाऱ्या नवख्याला नेमके हेच दिसत नाही.

छोट्या दुरुस्त्यांना यातून सूट आहे. एका माणसाने दिलेला बदल साधारण पंधरा ओळींच्या आत असेल तर कागद लागत नाहीत. मात्र ही मर्यादा त्या माणसाच्या सगळ्या बदलांची मिळून असते. ऑर्ग मोड या पॅकेजात अशा बदलावर ‘टायनीचेंज’ असा शेरा लिहायची पद्धत आहे, म्हणजे पुढे हिशेब लागतो. माझा पॅच या मर्यादेच्या बराच पुढे होता.

अर्ज ईमेलनेच करायचा होता. कोणत्या सॉफ्टवेअरसाठी, कोणाचा मजकूर उचलला आहे का, नागरिकत्व कुठले, जन्मवर्ष कोणते, कोणत्या फायली बदलल्या, असे साधे प्रश्न. सॉफ्टवेअरच्या नावापुढे फक्त ‘ईमॅक्स’ लिहायचे. त्या एका कराराखाली ग्नू एल्पातली सगळी पॅकेजे येतात आणि पुढे आयुष्यभर द्यायचे बदलही येतात. एका प्रश्नापाशी मात्र मी थांबले: तुमच्या कामावर हक्क सांगू शकेल असा मालक किंवा शिक्षणसंस्था आहे का?

मी नेमणूकपत्र काढून वाचले. नोकरीच्या काळात केलेले संगणकाचे कुठलेही काम कंपनीचे, असे एक कलम त्यात होते. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, रविवारी लिहिलेला कोड त्यातून वगळल्याचे कुठे म्हटले नव्हते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की नोकरीचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणकाचा प्रोग्राम कायद्याच्या लेखी साहित्यकृतीत मोडतो. जो कोड माझा आहे की नाही हेच पक्के नाही, तो मी दुसऱ्याला कसा देणार? फाउंडेशनला अशा वेळी कंपनीकडून एक पत्र हवे असते: या कामावर आमचा दावा नाही.

ते पत्र मिळवणे हा सगळ्यांत अवघड भाग ठरला. एचआरने लीगलकडे पाठवले, लीगलने माझ्या मॅनेजरकडे. फुकट वाटायच्या कोडसाठी कंपनीने सही कशाला करायची, हा प्रश्न प्रत्येक टेबलावर आला. मी दर वेळी तेच सांगत राहिले: हा कोड कंपनीच्या कामाशी संबंधित नाही, कंपनीचा वेळ आणि यंत्रे वापरलेली नाहीत, आणि आपण सगळेच रोज मुक्त सॉफ्टवेअरवर काम करतो. लीगलमधल्या एका ज्येष्ठ बाईंनी मसुदा शांतपणे वाचला, एक वाक्य मर्यादित करून घेतले आणि सही मिळवून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या एका सहकाऱ्याने मात्र याच टप्प्यावर नाद सोडला, आणि त्याचा चांगला कोड त्याच्याच संगणकावर राहिला.

इतका खटाटोप कशासाठी, हे मला त्या वाट पाहण्याच्या काळात वाचून समजले. जेम्स गॉस्लिंग यांनी लिहिलेल्या वेगळ्या ईमॅक्समधला, पडद्यावर मजकूर दाखवणारा काही कोड स्टॉलमन यांनी आपल्या पहिल्या आवृत्तीत घेतला होता. पुढे त्याचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले, तिने हरकत घेतली आणि तो भाग पुन्हा लिहावा लागला. १९९१ मध्ये लुसिड कंपनीने ईमॅक्सची वेगळी शाखा काढली, तीच पुढची एक्सईमॅक्स. तिच्यातल्या कितीतरी चांगल्या गोष्टी मूळ ईमॅक्सला घेता आल्या नाहीत, कारण लिहिणाऱ्या सर्वांचे कागद नव्हते. आणि २००८ च्या डिसेंबरात फाउंडेशनने सिस्को कंपनीवर दावा लावला, कारण तिच्या लिंकसिस उपकरणांतल्या ग्नू सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या अटी पाळल्या जात नव्हत्या. २००९ च्या मेमध्ये तडजोड झाली. न्यायालयात उभे राहायला हक्कदार लागतो. शेकडो लेखक अनेक देशांत विखुरलेले असताना, सातबाऱ्यावर शंभर नावे असलेल्या जमिनीसारखी त्या कोडची अवस्था होते.

करार हाती आला तेव्हा मी तो ओळ न् ओळ वाचला. आपल्याकडे कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीचे असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणून असा कागद वरवर चाळून चालत नाही. माझ्या दृष्टीने दोन गोष्टी मोलाच्या होत्या. माझाच कोड मला हवा तसा वापरायचा अधिकार मला परत मिळतो. आणि फाउंडेशन लेखी वचन देते की हा कोड ती मुक्त अटींवरच वाटेल. सगळ्या करारांत हे दुसरे वचन नसते. मोंगोडीबी या डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये आपला परवाना बदलला. बाहेरच्या लोकांनी करार करून आपल्या कोडचे व्यापक हक्क कंपनीला दिले होते, म्हणूनच तिला तो एकतर्फी बदलता आला. सही मागणारा कोण आहे आणि बदल्यात कशाने बांधला जातो, हे पाहूनच सही करावी. मी समाधानाने केली.

दुसरे मार्गही आहेत. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली आपण हा कोड द्यायला मोकळे आहोत अशी एका ओळीची ग्वाही लिहितात, हस्तांतर लागत नाही. जीसीसी आणि ग्लिबसी या ग्नू प्रकल्पांनीही २०२१ मध्ये हस्तांतराची सक्ती काढली. ईमॅक्सपुरते पाहिले तर ज्यांना कागद करायचे नाहीत त्यांच्यासाठी नॉन-ग्नू एल्पा हे वेगळे भांडार आहे. पण जे पॅकेज कधी ना कधी ईमॅक्सच्या गाभ्यात जावे असे वाटते, त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासून कागद गोळा करावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. एग्लॉट हे पॅकेज बाहेर वाढले, तरी कागद आधीपासून मागितले जात होते. २०२३ मध्ये ते ईमॅक्स २९ मध्ये सहज गेले. यूज-पॅकेजही त्याच आवृत्तीत आले, पण त्यासाठी जुन्या लेखकांना वर्षानुवर्षे शोधत फिरावे लागले.

माझा पॅच अखेर स्वीकारला गेला. त्यानंतर मी मेंटेनरना आणखी एक छोटा बदल पाठवला, तो कोडचा नव्हता. योगदानाच्या नियमांच्या फायलीत अगदी वर चार वाक्ये घातली: कॉपीराइट कोणाच्या नावे आहे, कागद किती ओळींपासून लागतात, अर्ज कुठे करायचा, आणि नोकरी असेल तर कंपनीचे पत्र आधी मागा. माणसाने रात्री जागून काम केल्यावर त्याला अट सांगणे बरोबर नाही. ती दारातच सांगितलेली असावी.

आपल्या गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मुक्त सॉफ्टवेअरकडे वळणारी मुले-मुली मला आता भेटतात. त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. पॅच लिहायच्या आधी नियमांची फाइल वाचा. महाविद्यालय आणि कंपनी तुमच्या कामावर काय हक्क सांगते ते आजच विचारून घ्या, आणि नोकरी स्वीकारतानाच फावल्या वेळातल्या कोडबद्दल लेखी परवानगी मागा. मराठीच्या अडचणी ज्यांना रोज भेडसावतात, त्यांनीच त्या सोडवायच्या आहेत. कागद अपुरे आहेत म्हणून आपला कोड घरी पडून राहू देऊ नका.