रात्रीचा पंप

बजबजमध्ये, गंगेकाठच्या आमच्या घरात शॉवरसाठी बसवलेला प्रेशर पंप रात्री आपोआप सुरू व्हायचा. दहाएक सेकंद घरघर, मग शांतता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. प्लंबरदादा म्हणाले, "दीदी, कोथाओ जोल पोडछे." पोडछे, पडतंय, इथे अनुवादकाचं कामच नव्हतं. पाइपातला दाब उतरला की पंपाला वाटतं, कुणीतरी नळ सोडला. थेंबथेंब गळतीही त्याला पुरते.

पंपापुढचा व्हॉल्व्ह बंद केला. पंप गप्प. म्हणजे दोष त्याचा नाही, पुढे कुठेतरी गळतंय. मग फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला. फ्लश न करताच अर्ध्या तासात कमोडमधलं पाणी लाल. दादांनी वॉशर बदलला.

त्याच रात्री ३ वाजता पंप पुन्हा लागला. चिडून उठले. न्हाणीघरात आई तोंड धूत होती.

"हे गेल्यापासून झोपच येत नाही गं."

आठ महिने ती माझ्याकडे आहे. तिचं जागरणही मी गळतीतच धरत होते.

मी चहाचं आधण ठेवलं, दोघींचं.