एरंडाने बदललेलं मत

रसायनांच्या कारखान्याला कोणी ‘हरित’ म्हटलं की मला चीड यायची. मुरूम गावी रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना सरळ सांगायचो: टाक्या त्याच, नळ्या त्याच, फक्त रंग नवा. १९८४ ची भोपाळची वायुगळती पाहिलेल्या माझ्या पिढीला आयसोसायनेट या नावाचाच धसका. गादीच्या फोमसारख्या पॉलियुरेथेनमध्ये वापरतात ती आयसोसायनेटं वेगळी, हे ठाऊक असूनही तो धसका जात नाही.

आता मी तसं सांगत नाही. मत बदललं ते एरंडामुळे.

आमच्याकडे सोयाबीनच्या कडेने एरंड लावतात. पानं खाणाऱ्या अळीचा पतंग त्यावर अंडी घालतो, मग ती पानं तोडून टाकायची. याच झाडाचं तेल पॉलियुरेथेनचा कच्चा माल आहे. गादीचा फोम, फ्रिजच्या भिंतीतला थर, बुटाचा तळ, हे सगळं आयसोसायनेट आणि पॉलिऑल एकत्र आणून बनतं. जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये ही वाट काढली. पॉलिऑलच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट लागतात. खनिज तेलापासून सुरुवात केली तर आधी प्रॉपिलीन ऑक्साइड करावं लागतं, आणि ते करण्याच्या जुन्या क्लोरीनच्या पद्धतीत खारट सांडपाणी प्रचंड निघतं. एरंडेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलिक आम्ल असतं आणि त्याच्या बाराव्या कार्बनवर हा हायड्रॉक्सिल गट झाडानेच बसवलेला असतो. सोयाबीनच्या तेलात तो नसतो.

म्हणजे कारखाना पाडून नवा बांधायची गरज नाही. तापवायची, ढवळायची बरीचशी भांडी चालतात. खरं काम आहे तेल शुद्ध करण्याचं आणि निर्वातात त्यातली ओल काढण्याचं. पाणी राहिलं तर आयसोसायनेटशी त्याची क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फोमचं गणित बिघडतं. आपल्या अंबरनाथला जयंत अॅग्रो-ऑरगॅनिक्सने जपानच्या मित्सुई केमिकल्स आणि इटोह ऑइल यांच्या भागीदारीत एरंडेलापासून पॉलिऑल बनवायला घेतलं. जुन्या धंद्याला नवं वळण देणं मला आता खोटं वाटत नाही.

मात्र ही सुधारणा अर्धीच आहे. आयसोसायनेट आजही बहुतेक ठिकाणी फॉस्जिन या विषारी वायूतूनच बनतं, आणि तो भाग खनिज तेलावरच उभा आहे. शिवाय एरंडाचा मोठा बाजार गुजरातेत. जवळ खात्रीची खरेदी नसताना तूर मोडून एरंड लावा, असं मी माझ्या गावच्या शेतकऱ्याला सांगणार नाही. बांधावर लावा, एवढंच सांगेन.

‘हरित फोम’ म्हणून गादी विकायला आली तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: यातला किती टक्के माल वनस्पतीचा, आणि आयसोसायनेट कशातून आलं?