तक्रार लेखीच द्या

घराची तक्रार चारचौघांत बसून, बोलून मिटवावी, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत त्याला कारणही होतं. इथे बिल्डर कुणी परका नसतो. तो कुणाच्या मामेभावाचा वर्गमित्र असतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो, गणपतीला वर्गणी देतो. त्याला नोटीस धाडायची म्हणजे दहा घरांशी वाकडं घ्यायचं. शिवाय आमच्या पिढीने घरं बांधली ती स्वतः उभं राहून. मिस्त्री ओळखीचा, गिट्टी-रेती आपणच आणलेली. छत गळलं की त्याच मिस्त्रीला हाक मारायची आणि तो यायचा. फ्लॅटमध्येही हाच रिवाज चालेल, असं मी धरून चाललो होतो. सोसायटीचा सचिव म्हणून सभेत मी हेच सांगायचो. आज माझं मत नेमकं उलट आहे, आणि ते का बदललं हे इथल्या प्रत्येक फ्लॅटधारकापर्यंत पोहोचावं असं मला मनापासून वाटतं.

वऱ्हाडात बांधकामाबद्दल कुरकुर केली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "भाऊ, काळी माती हाये, भेग त पडनच." मीही ते ऐकून मान डोलावत आलो. माती खरोखरच अवघड आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते, आणि उथळ पायावरचं बांधकाम तिच्याबरोबर वर-खाली होतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागांत, जमिनीतलं पाणी खारं. ते काँक्रीटमध्ये गेलं की आतली सळई गंजते, भिंतीला लोणा लागतो. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात स्लॅबला दोन-चार दिवस पाणी मारून काम उरकलं, तर काँक्रीटला हवी तेवढी ताकद येत नाही.

पण यातलं नवीन काय आहे? काळ्या मातीसाठी बुडाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने कित्येक दशकांपूर्वीच विकसित केले. भारतीय मानक ४५६ सांगतं की आरसीसीसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि कोरड्या, उष्ण हवेत निदान १० दिवस पाणी मारलं पाहिजे. माती, पाणी आणि ऊन तिन्ही गोष्टी बिल्डरला पाया खणण्याआधीच ठाऊक असतात. ठाऊक असून उपाय केला नसेल, तर भेगेचा दोष मातीच्या माथी मारता येत नाही. तो कामातला दोष आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत, जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग उतरत गेली होती. तिथे राहणाऱ्या काकू बिल्डरला फोन करायच्या. उत्तर यायचं, "पाहून घेऊ न काकू. पावसाळा होऊ द्या." दिवाळीनंतर माणूस यायचा, पुट्टी भरायचा, रंगाचा हात मारायचा. पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा उघडी. शेवटी काकूंनी लेखी तक्रार द्यायचं ठरवलं, तेव्हा सभेत मीच म्हणालो, "काकू, कशाला कागद रंगवता? मी बोलतो त्यांच्याशी." त्या शांतपणे म्हणाल्या, "सचिव साहेब, मी भांडून नाही राहिली. फक्त तारीख टाकून राहिली."

पत्र एका पानाचं होतं. भेग कुठून कुठे जाते, पहिल्यांदा केव्हा दिसली, पुट्टी केव्हा केव्हा भरली, एवढंच. सोबत फोटो, त्यात भेगेशेजारी धरलेली फूटपट्टी. बिल्डर चिडेल असं मला वाटलं होतं. त्याने स्ट्रक्चरल इंजिनियर पाठवला. त्या इंजिनियरने भेगेवर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली. जानेवारीत लावलेली पट्टी मे महिन्यात मधोमध तुटलेली दिसली. भिंत अजून हलत होती, आणि हलत्या भेगेत भरलेली पुट्टी टिकणार नव्हतीच.

मग कारणाचा शोध सुरू झाला. बाहेरच्या बाजूला मोरीचं पाणी जोत्यालगतच मुरत होतं, आणि जोत्याभोवती काँक्रीटचा पट्टाही नव्हता. माती एका कोपऱ्यात कायम ओली, बाकीकडे भेगाळलेली. पाणी पाइपने लांब नेलं, जोत्याभोवती बाहेर उतार देऊन पट्टा टाकला, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ दिला आणि मग भेग भरली. ती परत उघडलेली नाही.

माझं मत फिरलं ते मात्र बिल्डरच्या एका वाक्याने. काम झाल्यावर तो मला म्हणाला, "तुमचं पत्र होतं म्हणून मले ठेकेदाराच्या बिलातून पैसे कापता आले. तोंडी सांगितलं असतं त थो कायले ऐकते?" ज्या कागदाला मी वैर समजत होतो, तो बिल्डरच्याही कामी आला होता.

कायद्यातही तारखेलाच महत्त्व आहे. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा सोयीसुविधांतला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर फ्लॅटधारक भरपाईला पात्र ठरतो. पण निदर्शनास आणल्याचा पुरावा फोनवरच्या गप्पांत उरत नाही. "पाहून घेऊ" म्हणता म्हणता दोन-तीन पावसाळे निघून जातात, आणि मुदत काही कुणासाठी थांबत नाही.

आपल्या शहरांत छोट्या अपार्टमेंट पुष्कळ. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा जास्तीत जास्त ८ फ्लॅट असतील, तर प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. म्हणून अशा घरांना वाली नाही असं समजू नये. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यात ताब्यापासून ३ वर्षांच्या आत कळवलेल्या दोषाची दुरुस्ती बिल्डरवर आहे. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. तिथे वकील लावावाच लागतो असं नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं. इथेही सगळं तारखेवरच येऊन थांबतं.

बोलून मिटवण्यावरचा माझा विश्वास गेलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली. आधी कागद, मग बोलणी. रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने २०१८ मध्ये सलोखा मंच सुरू केला. त्यात ग्राहक संघटनेचा आणि विकासकांच्या संघटनेचा प्रतिनिधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात. ठरलेलं लिहून घेतलं जातं, त्यावर सह्या होतात. ही चर्चा पंगतीतल्या चर्चेपेक्षा जास्त मोकळी होते, कारण तिथे कुणालाही आपला शब्द विसरता येत नाही.

जबाबदारीची टोलवाटोलवी सगळीकडेच चालते. अमेरिकेत कारखान्यात तयार होऊन जागेवर आणून बसवलेली घरं असतात. दोष निघाला की कारखानदार विक्रेत्याकडे बोट दाखवणार, विक्रेता घर बसवणाऱ्याकडे. म्हणून तिथे २००० साली कायदा सुधारून, घर बसवल्यापासून वर्षाच्या आत कळवलेल्या दोषांसाठी या तिघांमधला वाद सोडवण्याची सरकारी व्यवस्था उभी करायचं ठरलं. आपल्याकडे बिल्डर म्हणतो प्लंबरची चूक, प्लंबर म्हणतो वॉटरप्रूफिंगवाल्याची. रेराने हा घोळ फ्लॅटधारकापुरता संपवला आहे. जबाबदार बिल्डर, पुढचं त्याने त्याच्या माणसांशी पाहावं. म्हणून प्लंबरचा नंबर देऊन कुणी तुमची बोळवण करत असेल, तर ती मान्य करू नका.

"बोभाटा झाला तर फ्लॅटचा भाव पडेल," ही भीती मी बऱ्याच जणांकडून ऐकली. माझा अनुभव असा की घ्यायला येणारा माणूस भिंतीवरचे पोपडे पाहतोच. दोष दुरुस्त झाल्याचे कागद दाखवले, तर त्याला निदान भरवसा वाटतो. आणि बिल्डरची बाजूही खरी आहे. प्लॅस्टरवरची केसासारखी रेघ म्हणजे इमारतीला धोका नव्हे. स्वतः न्हाणीघराची फरशी फोडून बदलली आणि मग खालच्या फ्लॅटमध्ये ओल आली, तर तो दोष बिल्डरच्या गळ्यात घालता येत नाही. अशा वेळी जुना फोटो आणि तारीख त्याचंही रक्षण करते.

पावसाळा तोंडावर आला की घरात एक फेरी मारा. खिडक्यांचे कोपरे, न्हाणीघराची मागची भिंत, गच्चीचा कठडा, जोत्याची कड बघा. दिसेल ते फूटपट्टी धरून फोटोत घ्या. फ्लॅट नंबर, ताब्याची तारीख, दोष कुठे आणि केव्हापासून, हे एका पानावर लिहा. सोसायटीमार्फत द्या, पोहोच घ्या, नाही दिली तर पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा. नुसती पुट्टी भरायला माणूस आला, तर आधी कारण लेखी मागा. आणि बिल्डर लग्नात भेटला तर त्याच्याशी नेहमीसारखंच हसून बोला. तक्रार घराची आहे, माणसाची नाही.