नांदेड आणि उदगीर

परदेशींचीं प्रवासवर्णनें आपण हौसेनें वाचतों. पण ज्या गांवीं थेट कॅनडा-इंग्लंडाहून यात्रेकरू येतात, तें गोदातीरींचें नांदेड पुण्यामुंबईच्या किती कुटुंबांनीं पाहिलें असेल? गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं येथें देह ठेवला. त्यापूर्वीं त्यांनीं ग्रंथासच गुरुपद दिलें. महाराजा रणजितसिंगांनीं बांधविलेल्या हुजूर साहिबांत पहांटे गोदावरीचें पाणी घागरींतून येतें, सायंकाळीं ताटांत दिवे लावून आरती होते. तें पाहून आमच्या काकू म्हणाल्या, "हें तर आपल्याच देवळासारखें हो!" खरेंच आहे, ग्रंथसाहिबांत आपल्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत.

उदगीर मात्र मनांतून जात नाहीं. तेथील किल्ला डोंगरी नव्हे, भुईकोट. सभोंवार खोल खंदक, आंत जमिनीच्या पोटांत उदागीर महाराजांची समाधि. तटावरून पाहिलें कीं काळ्या रानाखेरीज दृष्टीस कांहीं पडत नाहीं. पण याच मुलखांत १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं निजामास कोंडून ६० लक्षांचा मुलूख व दौलताबादसारखा दुर्ग घेतला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा त्यांत मोठा वांटा होता. तोफखान्यावर भाऊंचा भरंवसा बसला तो या जयानें, आणि उत्तरेच्या मोहिमेस त्यांचें नांव पुढें आलें तेंही या जयानेंच, असें माझें मत आहे. इकडे विजय होत असतां तिकडे यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे १० जानेवारीसच पडले होते. त्या वार्तेनंतर परतुराच्या मुक्कामाहून मार्चांत फौज उत्तरेस निघाली, आणि पुढल्या १४ जानेवारीस पानिपत झालें. पानिपत आमच्या घरांतल्या पोरासोरांसही ठाऊक. उदगीर विचारावें तर चांगले पदवीधर गप्प बसतात! पराभवाची एवढी आठवण, आणि जयाची मुळींच नाहीं, हें कोडें मला तटावर उभें असतां फार टोंचलें.

परतीस आम्हीं परळी-परभणीवरून मनमाडचा रस्ता धरला. मुलें दमून निजलीं होतीं. परतूर आलें तेव्हां दादांनीं सर्वांस हलवून उठविलें आणि खिडकींतून स्टेशनाची पाटी मोठ्यानें वाचावयास लावली.