गावनकाशातली गाडीवाट

भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली आणि फोर-बाय-फोर गाड्या घेऊन अलिबाग-मुरूडकडे येणारे वाढले. ओळखीतले लोक हमखास विचारतात, गाडी घालायला मोकळी जमीन कुठे मिळेल? माझ्या जुन्या जिप्सीतून मी हा किनारा बरीच वर्षं फिरतो आहे, पण कुणाचीच नाही अशी जमीन मला इथे भेटलेली नाही. उजाड दिसणाऱ्या डोंगराच्या सातबारावर ‘खासगी वन’ असा शेरा निघतो. १९७५च्या कायद्याने अशी बरीच जमीन सरकारकडे गेली. माळ गुरचरणाचा असतो, आणि त्यावर गावाची गुरं चरतात. खाडीकाठच्या कांदळवनात तर चाक नेऊच नये.

मी शोधतो ती वाट. त्यासाठी तलाठ्याकडचा गावनकाशा पाहावा लागतो. आता तो भूनकाशाच्या संकेतस्थळावरही दिसतो. तुटक दुबार रेषा म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारा रस्ता. एकेरी तुटक रेषा गाडीमार्गाची असेल किंवा पायवाटेची, ते जागेवर जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. दिघी ते दिवेआगरच्या मधल्या डोंगरात अशीच एक रेषा मी उपग्रहाच्या चित्रावर जुळवत होतो, आणि करवंदीच्या जाळ्यांत ती हरवत होती. पारावर बसलेल्या आजोबांना विचारलं. त्यांच्या तरुणपणी नाचणी-वरीचे भारे बैलगाडीने याच वाटेने उतरायचे. “वरचा कातळ लागला की डाव्या अंगाला राहा बाबा, उजवीकडे वाट वाहून गेलीय,” ते म्हणाले. जांभ्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्या खरोखरच कोरलेल्या दिसल्या. लो गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, दगड चुकवत गेलो. अशा वाटेवरचा आनंद मला कुठल्याही आखीव ट्रॅकवर मिळालेला नाही.

खारबांधांचं मात्र वेगळं आहे. धरमतर खाडीच्या काठी हे मातीचे बांध समुद्राचं पाणी भातशेतीत शिरू देत नाहीत. वरून ते सपाट, मोहात पाडणारे रस्ते वाटतात. पण उघाडीजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, माती आतून पोखरलेली असते. गाडीच्या वजनाने ती खचली तर पुढच्या उधाणात खारं पाणी शेतात घुसतं, आणि मीठ मुरलेल्या जमिनीत काही वर्षं भात होत नाही. मी बांधावर गाडी नेत नाही, बरोबरच्यांनाही नेऊ देत नाही.

खाडीलगतच्या सखल रस्त्यावरून जायचं तर कोळ्यांचा हिशेब उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दोन-तीन तास हातात ठेवूनच निघावं.

आणि पुळण. काशीद, नागावच्या वाळूत रुतून भरतीच्या पाण्यात सापडलेल्या गाड्यांचे फोटो दर हंगामात फिरतात आणि लोक गाडीबद्दल हळहळतात. मला हळहळ वाटते ती वाळूखालच्या जिवांची. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ इथे ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात. घरटं हात-दीड हात खोल असतं, वरून काही दिसत नाही. टायरने वाळू दाबली गेली की पिल्लांना वर येणं कठीण होतं, आणि वर आलीच तर चाकोरीत अडकून समुद्रापर्यंत पोचत नाहीत. किनाऱ्यावर गाडी नेण्याला मनाई आहे ती योग्यच आहे. ती आणखी कडक हवी.

जंगल पाहायचं असेल तर फणसाड आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. सुपेगावला वनखात्याकडे नोंद करून, गावातला वाटाड्या घेऊन आत जावं आणि शेकरू पाहायला गाडी सोडून पायी चालावं.

सध्या माझी काळजी दुसरीच आहे. किनाऱ्यालगत प्लॉट पडतात, चिऱ्याची कुंपणं उठतात, आणि नकाशावरची तुटक रेषा भिंतीला जाऊन थडकते. त्या वाटेने कुणाची तरी गुरं जात होती, कातकरी वाडीतल्या बायका मोळ्या आणत होत्या. त्यामुळे अशी वाट सापडली की मी तिचा जीपीएस ट्रॅक आणि गावनकाशाची प्रत ग्रामपंचायतीत देतो. एका गावात ग्रामसेवकांनी तो कागद ग्रामसभेपुढे ठेवला. वाट मोजून खुली करण्याचा अर्ज आता तहसीलदारांकडे गेला आहे.